लाईट गेल्यावर सांगितलेला शेवट

माझं लग्न होऊन मी साताऱ्यात आले तेव्हा आमच्या बोळात एकच टीव्ही होता, आणि तो आमच्या घरात होता. माझे सासरे कोर्टातले शिरस्तेदार. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, नाहीतर एखादी जागा घेऊन ठेवतात. मामंजींनी टीव्ही घेतला. आमचं घर किल्ल्याच्या अंगाला, चढावर. खालच्या पेठांत चित्र धड दिसायचं नाही, आमच्याकडं दिसायचं. तेही छपरावरच्या उंच पाइपवरचा अँटेना बरोबर पुण्याकडं तोंड करून राहिला तर. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग आमचे हे शिडी लावून पत्र्यावर जायचे आणि खालून सगळा बोळ ओरडायचा, "आलं, आलं! अहो, गेलं! पुन्हा मागं घ्या!"

शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दोन्ही संध्याकाळी बाहेरची खोली माणसांनी भरून जायची. पुरुष सतरंजीवर, बायका स्वयंपाकघराच्या दाराकडच्या बाजूला, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडकीच्या गजांना धरून.

सिनेमा संपला की कुणी लगेच उठत नसे. मामंजी टीव्ही बंद करायचे, त्याची लाकडी दारं सरकवून कुलूप लावायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि खुर्ची लोकांकडं वळवून बसायचे. "हं. बोला. कसा वाटला?" वयानं जो मोठा त्याच्यापासून सुरुवात. साक्षीदार तपासावेत तसे ते एकेकाला तपासायचे. नुसतं 'चांगला होता' म्हणून सुटका नसायची. काय चांगलं होतं? बाप चुकला का मुलगा? त्या बाईनं असं का केलं? सगळ्यांचं ऐकून झालं की शेवटी ते निकाल द्यायचे, आणि त्यांनी भिकार ठरवलेला सिनेमा आठवडाभर बोळात भिकारच राहायचा. त्यांच्यासमोर उलट बोलणारा माणूस एकच, समोरच्या घरातले सुभेदार. म्हसवडकडचे, पलटणीतून आलेले, मोठ्या आवाजाचे. "आवं शिरस्तेदार, तुमी कायदा बगताय, आमी शिनिमा बगतोय," असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे.

बायकांना मामंजी विचारत नसत. मला तर नाहीच. माझं माहेर पलूसजवळचं, घरचा ऊस. सिनेमा बघितलेला तो जत्रेतल्या तंबूत. लग्नानंतरच्या पहिल्याच शनिवारी मी भरल्या खोलीत "लय भारी हाय की!" असं बोलून गेले होते. सगळे हसले. नंतर सासूबाईंनी चुलीपाशी हळूच सांगितलं, "घरात कसंही बोल, पण लोकांत जरा गप्प राहत जा." मी गप्प राहायला शिकले.

बायकांची चर्चा वेगळी असायची, ती सिनेमाच्या आधी. ती माझ्या थोरल्या नणंदेभोवती व्हायची. गुरुवार-शुक्रवारी नळावर, नाहीतर धान्य निवडताना कुणीतरी विचारायचंच, "ताई, या शनिवारचा कसा आहे?" वन्संनी जवळजवळ सगळे सिनेमे पाहिलेले असायचे. त्या गोष्ट कधीच फोडत नसत. म्हणायच्या, "पहिला अर्धा तास नुसती गाणी आहेत, तेवढ्यात भात लावून या. बातम्या झाल्यावर मात्र जागा सोडू नका." किंवा, "पोरींना आणू नका, मधे एक वाईट प्रसंग आहे." कोपऱ्यावरच्या घरातली एक बाई होती, तिचं बाळ गेलं होतं. तिला एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "या आठवड्यात तुम्ही नका येऊ." ती आली नाही. सिनेमात काय होतं ते पाहिल्यावर आम्हाला कारण कळलं. बोळातल्या बायका मामंजींच्या निकालावर माना डोलवायच्या, पण यायचं का नाही ते वन्संना विचारून ठरवायच्या.

हे सगळे सिनेमे त्यांनी सांगलीला पाहिले होते, नवऱ्याबरोबर. त्यांचं सासर सांगलीचं, हळदीची अडत. नवऱ्याला सिनेमाचं वेड. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं दर आठवड्याला दोघं थिएटरात. घरी परत येताना पायी यायची आणि रस्ताभर सिनेमावर बोलायची. "आमचं भांडण झालं तरी सिनेमावरून व्हायचं," असं वन्संनी मला एकदा सांगितलं होतं. पुढं मूलबाळ झालं नाही. नवरा मिरजेला जाऊन राहायला लागला, तिथं दुसरी कोणीतरी होती. एका दिवाळीला त्यांनी वन्संना साताऱ्याला आणून सोडलं, 'चार दिवसांनी येतो' म्हणाले, आणि आले नाहीत. मी या घरात आले तेव्हा त्या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. कुणी नवा माणूस आला की सासूबाई सांगायच्या, "आलीय जरा माहेरपणाला."

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला, एका गुरुवारी, मार्केट यार्डातला मामंजींचा एक ओळखीचा माणूस घरी आला. सांगलीहून निरोप होता. जावईबापू आणि त्यांचे काका शनिवारी येतायत. झालं गेलं विसरून पोरीला घेऊन जायचं म्हणतायत.

मामंजी उभेच होते, ते खाली बसले. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. वन्सं मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मीच जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी हातातलं धोतर दोरीवर नीट पसरलं, त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि विचारलं, "शनिवारी म्हणजे परवा?"

"होय."

"बरं."

त्याच संध्याकाळी टीव्हीवर पुढच्या कार्यक्रमांची माहिती सांगितली. शनिवारच्या सिनेमाचं नाव ऐकल्यावर वन्संचे हात थांबले. त्या शेंगा सोलत होत्या. मी बघितलं, पण मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

शुक्रवारी नळावर बायकांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "कसा आहे हो उद्याचा?"

वन्सं म्हणाल्या, "या सगळ्याजणी. एकीनंही चुकवू नका. पुरुषमाणसांनाही आणा."

असं त्या कधी बोलत नसत.

शनिवारी सकाळच्या गाडीनं दोघं आले. काका धिप्पाड, पांढरा फेटा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. वन्संचे यजमान मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं होतं कुणी माजोरडा माणूस असेल. तर हे सडपातळ, केस विरळ झालेले, नजर जमिनीवर. त्यांच्या कपड्यांना हळदीचा वास येत होता. वन्संनी बाहेर येऊन काकांना वाकून नमस्कार केला, पाणी ठेवलं आणि आत गेल्या. दोघांची नजरानजर झाली की नाही, मला दिसलं नाही.

जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीचं दार लोटून बोलणी झाली. मी सुपारी द्यायला गेले तेव्हा काका बोलत होते. "पाहुणं, मागचं उकरून काढण्यात अर्थ न्हाई. मिरजेचं ते परकरण मिटलं. ती बाई गेली निघून. आता वैनीला अर्धांगवायू झालाय, अंथरुणातच सगळं. घरात बाईमाणूस न्हाई. स्वयंपाकाला बाई ठेवली तर ती आजारी माणसाचं करत न्हाई. आपली सून असताना परक्याची मिनतवारी कशाला करायची?"

वैनी म्हणजे वन्संच्या सासूबाई. मामंजी मान हलवत होते. जावई खिडकीबाहेर बघत होते.

मामंजी म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन जा. मी तिकिटं काढवून ठेवतो."

मी स्वयंपाकघरात येऊन जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई डोळे पुसत होत्या, आनंदानं की कशानं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वन्सं कांदा चिरत होत्या.

"मला विचारा असं कुणी म्हणालं का गं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, वन्सं."

"यांनी?"

"ते काहीच बोलले नाहीत."

त्यांनी तो कांदा संपवला आणि दुसरा घेतला. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, आता नशिबानं दार उघडलंय, तू वाकड्यात शिरू नकोस."  

पाहुणे आल्यामुळं मामंजींचा विचार होता की आज टीव्ही लावायचा नाही. पण काकांनीच विषय काढला. सांगलीला तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. "एवढ्या लांब आलोय, तर तुमचं ते यंत्र दावा की," म्हणाले. मामंजींना कौतुकाची कुठली संधी सोडवायची नाही. सहा वाजायच्या आत माणसं यायला लागली. नेहमीपेक्षा जास्त. बायकांनी नवऱ्यांना आणलं होतं. सुभेदार आले, त्यांच्या पत्नी आल्या, खालच्या अंगाची माणसं आली. काकांना खुर्ची, जावयांना खुर्ची, बाकी सगळे खाली. वन्सं नेहमीच्या जागी, दारापाशी. मी त्यांच्या मागं.

सिनेमा सुरू झाला. जुना होता. एक तरुण बायकोला गावात ठेवून मुंबईला जातो. पहिल्यांदा पैसे येतात, मग थांबतात. मग माणूसच थांबतो. लोक तिला नाही नाही ते बोलतात. ती शिलाईचं मशीन घेते.

मशीन आलं तेव्हा खोलीतली कुजबुज बंद झाली. बोळातल्या प्रत्येकाला वन्संची हकीकत माहीत होती आणि खुर्चीवर कोण बसलंय तेही आता माहीत झालं होतं. कुणी मागं वळून बघत नव्हतं. पण मानांवरून कळत होतं की सगळ्यांना वळून बघायचं आहे. मामंजींची मान ताठ झाली होती. वन्संचे यजमान आधी खुर्चीला टेकून बसले होते, ते आता पुढं वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून.

मधे बातम्या लागल्या. एरवी बातम्यांच्या वेळी लोक चहाला पळायचे. त्या दिवशी कुणी उठलं नाही.

काका म्हणाले, "पाहुणं, बघितलं हो तुमचं यंत्र. आता बंद करा. उद्या पाटंचं उठायचंय."

मामंजी लगेच उठले. त्यांचा हात बटणाकडं गेला होता. तेवढ्यात सुभेदार म्हणाले, "आवं, असं कसं? बाया-माणसं घरचं काम टाकून आल्यात. अर्ध्यात उटवता व्हय?"

"उद्या पाहुण्यांना प्रवास आहे."

"मग त्यास्नी आत झोपवा. आमी आवाज बारीक ठिवतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मामंजींनी एकवार खोलीवरून नजर फिरवली. एवढ्या लोकांना उठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ते परत खुर्चीत बसले. वन्सं हलल्यासुद्धा नव्हत्या. त्यांच्या पाठीला माझा गुडघा लागत होता, आणि ती पाठ दगडासारखी घट्ट होती.

सिनेमा पुढं चालू झाला. बरीच वर्षं जातात. त्या बाईचं आता दुकान झालंय, हाताखाली पोरी आहेत. आणि एका दुपारी तो नवरा परत येतो. दाढी वाढलेली, खोकणारा, मोडून गेलेला. तो दारावर थाप मारतो. ती मशीनवरून उठते. दारापाशी येते. कडीवर हात ठेवते.

आणि लाईट गेली.

सगळी खोली एकदम ओरडली. बाहेरून, खालच्या पेठांतूनही ओरडा आला. म्हणजे गावाचीच गेली होती. मी आत जाऊन कंदील लावून आणला. त्या उजेडात लोक तसेच बसले होते, बंद पडलेल्या टीव्हीकडं तोंड करून. "येईल, येईल" म्हणत वाट बघितली. लाईट आली नाही. वाट बघून बघून कुणीतरी हळहळलं, "आता सिनेमा संपलाही असेल."

मी कंदील धरून उभी होते. आजही मला सांगता येत नाही की मी तेव्हा का बोलले. लोकांत गप्प राहायचं हे विसरूनच गेले. "वन्सं, मग फुडं काय हुतंय वं?"

बायकांनी लगेच उचलून धरलं. "हो ना ताई, सांगा की. तुम्ही पाहिलाय ना?"

मामंजी म्हणाले, "आता पुरे. रात्र झाली."

"सांगू दे की," सुभेदार म्हणाले. "जीव टांगणीला लागलाय सगळ्यांचा."

वन्सं उभ्या राहिल्या. बायकांच्या घोळक्यातून पुढं आल्या नाहीत, तिथंच उभ्या राहून बोलल्या. आवाज मोठा नव्हता, पण खिडकीतल्या माणसांपर्यंत पोचत होता.

"ती कडीवर हात ठेवून थांबते. बराच वेळ. तो बाहेरून हाक मारतो. ती विचारते, कोण? तो सांगतो. मग ती कडी काढते. तो काही बोलायच्या आधी ती आत जाते आणि पाणी आणून देते. तांब्याभर. तो तिथंच उंबऱ्यावर बसून पितो. तिला सांगतो, मी चुकलो. ती म्हणते, होय. तो म्हणतो, मला आत घे. ती म्हणते, आता तुम्ही जा, उजेड आहे तोवर पोचाल. आणि दार लावून घेते. तो थोडा वेळ उभा राहतो. आतून मशीनचा आवाज यायला लागतो. मग तो जातो. तिथं संपतो सिनेमा."

एका म्हातारीनं सुस्कारा सोडला. "पाणी दिलं ते बरं केलं बाई."

काका खुर्चीत वळले. "असला शेवट असतोय व्हय कुटं? शिनिमावालं काय येडं हायत?" त्यांनी पुतण्याच्या खांद्याला हात लावला. "काय रं, तू तर सगळं शिनिमं बगितल्यालास. ह्योच शेवट हाय का?"

यजमानांनी मान वर केली. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी वन्संकडं सरळ बघितलं. कंदील माझ्या हातात होता आणि मला दोघांचे चेहरे दिसत होते. वन्संनी नजर खाली घातली नाही. मी कंदील दोन्ही हातांनी धरला.

"असा नाही बहुतेक," ते म्हणाले.

खोलीत चुळबूळ झाली. काका पुढं सरसावले. "मग कसा हाय? सांग की ह्या सगळ्यांस्नी."

ते बोलायला गेले. ओठ हलले. पुन्हा एकदा वन्संकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाले, "आठवत नाही, काका. लय दिवस झाले."

मामंजी खुर्चीतून उठले. आवाज कोर्टातला. "तुला असाच आठवतो? नक्की?"

"होय, आबा."

"नीट आठवून सांग."

"नीट आठवूनच सांगतेय. आणि उद्याच्या गाडीचं माझं तिकीट काढू नका."

काका ताडकन उठले. "म्हंजे? आमी काय इथं तमाशा करून घ्याला आलो काय?"

सुभेदारही उठले. शांतपणे म्हणाले, "शिरस्तेदार, पोरगी काय म्हणतीया ते ऐकलंसा न्हवं? मग झालं." आणि लोकांना म्हणाले, "चला रं, उटा. जेवायची येळ झाली."

माणसं अंधारात चपला शोधत, एकमेकांवर आदळत बाहेर पडली. बोळात गेल्यावरच त्यांचे आवाज फुटले. आत आम्ही घरचे आणि दोन पाहुणे. मामंजी रागानं कापत होते.

"सगळ्या बोळासमोर माझी अब्रू घालवलीस."

वन्सं म्हणाल्या, "मला एकट्यात कुणी विचारलं असतं, तर मी एकट्यात सांगितलं असतं."

 काका बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आमचे हे एकदा वडिलांकडं, एकदा बहिणीकडं बघत राहिले, मग विहिरीवर हात धुवायला निघून गेले. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "पानं वाढू का?" एवढंच. सगळे जेवायला बसले. काकांनाही यावं लागलं. आम्ही वाढत असताना लाईट आली. टीव्ही चालूच राहिला होता. आत एकदम आवाज सुरू झाला, कुणीतरी माणूस द्राक्षांवरच्या फवारणीबद्दल सांगत होता. मामंजी उष्ट्या हातानं उठले आणि त्यांनी तो बंद केला.

पहाटे दोघं निघाले. यजमानांनी मामंजींच्या पायांना हात लावला. मामंजींनी पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. वन्सं बाहेर आल्या नाहीत.

सकाळी भांडी घासताना मी विचारलं, "वन्सं, खरा शेवट कसा आहे?"

त्या राखेनं पातेलं घासत होत्या. "ती दार उघडते. त्याच्या पायावर डोकं ठेवते. आरती होते, गाणं होतं. मी तेव्हा खूप रडले होते. यांनी मला रुमाल दिला होता. ती एकटी कशी राहिली ते बोळानं बघावं म्हणून मी सगळ्यांना बोलावलं होतं, लाईट जाईल हे कुठं ठाऊक होतं?"

"मग ते का बोलले न्हाईत?"

"मला काय माहीत," म्हणाल्या. मग पातेलं विसळत, "बोलतील अशी भीती वाटत होती मला. फार."

पुढचे दिवस कठीण गेले. मामंजी वन्संशी बोलेनासे झाले. काही हवं असलं तर मला सांगायचे, "तिला म्हणावं, चहा ठेव," आणि वन्सं तिथंच समोर उभ्या असायच्या. टीव्हीवर चादर पडली. शनिवारी लोक आले नाहीत, रविवारीही नाहीत. नळावर बायका पाणी भरून मुकाट जायच्या. खालच्या घरातल्या एका सासूनं आपल्या सुनेला आमच्या अंगणात यायची बंदी केली, तेही आम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात. कोपऱ्यावरची ती बाळ गेलेली बाई मात्र रोज येऊन वन्संजवळ बसायची, काही न बोलता. वन्सं रात्री जेवत नसत. मला वाटायचं, आता या हार खातील आणि एक दिवस आपण होऊन सांगलीची गाडी धरतील.

एके दिवशी सुभेदार आले ते सरळ मामंजींच्या समोर बसले. "बोळ सुना पडलाय. ते यंत्र लावणार का न्हाई?"

मामंजी म्हणाले, "मला त्या वस्तूचं तोंड बघायची इच्छा नाही."

"यंत्रानं काय केलं? आनि पोरीनं तरी काय केलं? तिला न्यायला आल्यालं ते बायको म्हणून न्हवं, दाई म्हणून आल्यालं. हे तुमाला त्याच दिवशी कळलं हुतं. कोर्टात जल्म गेला तुमचा."

मामंजींनी मला हाक मारली आणि चादर धुवायला टाक म्हणाले. त्या शनिवारी टीव्ही लागला. सिनेमा संपल्यावर त्यांनी पुरुषांना विचारलं, आणि मग घसा खाकरून, वन्संकडं न बघता, "तुमच्या बाजूचं काय म्हणणं?" असं बायकांना विचारलं. वन्सं म्हणाल्या, सिनेमा लांबलाय. मामंजी म्हणाले, "हं." ते त्यांचं समेटाचं बोलणं.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. पावसाळा सरल्यावर मी माहेरी निघाले. आदल्या संध्याकाळी वन्सं म्हणाल्या, "मीही येते. पलूसला तू उतर, मी पुढं सांगलीला जाते. सासूबाईंना बघून येते."

मी थक्क झाले. मामंजीही. "आता कशाला?" त्यांनी विचारलं. बापलेकीचं ते बऱ्याच दिवसांनी झालेलं सरळ बोलणं.

"त्यांनी माझं कधी वाईट केलं नाही, आबा. न्यायला आले तेव्हा मी गेले नाही. आता माझी मी जातेय. आठ दिवसांत परत येईन."

मला त्यांना एकटीला सोडवेना. मी पलूसला उतरलेच नाही, सांगलीपर्यंत गेले. अडतीच्या मागं घर, सगळीकडं हळदीची पिवळी धूळ. काका दारातच होते. आम्हाला बघून त्यांचं तोंड वाकडं झालं, पण त्यांनी अडवलं नाही. आतल्या खोलीत खाटेवर त्या म्हाताऱ्या बाई. अर्धं तोंड लुळं पडलेलं. वन्संना ओळखून त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. वन्संनी पदर खोचला, गरम पाणी मागवलं, त्यांचं अंग पुसून काढलं, केस विंचरले. पाठीवर जखमा झाल्या होत्या. त्या बघून वन्सं काकांवर अशा कडाडल्या की अडतीतले हमाल आत डोकावले. "सुनेची वाट बघत माणसाला असं कुजवतात का? पगारी नर्स ठेवा. पैसे नसतील तर अडत विका!" 

संध्याकाळी यजमान आले. मी पडवीत होते, दोघं अंगणात उभे राहिले. मला ऐकू येत होतं.

"मी शेवट सांगितला नाही," ते म्हणाले.

"कळलं मला."

"राहतेस का?"

  आतून म्हाताऱ्या बाईंचा कण्हण्याचा आवाज येत होता.

"आईंसाठी नर्स बघेपर्यंत राहते," त्या म्हणाल्या. "तेवढंच."

त्यांनी मान हलवली.

मी दुसऱ्या दिवशी माहेरी गेले. वन्सं आठ दिवस म्हणाल्या होत्या, त्या दिवाळीपर्यंत राहिल्या. साताऱ्यात सगळ्यांना वाटलं, गेली ती कायमची. सासूबाईंनी तर बोळात पेढेही वाटले. पण मिरजेच्या मिशन दवाखान्यात काम केलेली एक बाई मिळाली, ती रुळली, आणि वन्सं एका दुपारी आपली पिशवी घेऊन परत आल्या. पुढच्या जूनपासून वाईला एका बालवाडीत नोकरी धरली. पहिले काही महिने रोज येऊन-जाऊन करत, मग घाटाजवळ खोली घेतली. मामंजीच सामान पोचवायला गेले होते.

त्या दिवाळीत सांगलीहून परतताना त्या गाडीत माझ्याबरोबर होत्या. लांबलेलं माहेरपण संपवून पलूसला मीही त्याच गाडीत बसले होते. कराडच्या पुढं रस्ता खराब होता, गाडी आदळत होती. मी विचारलं, "वन्सं, त्या दिवशी तुम्हाला आधी विचारलं असतं तर गेला असता का?"

त्यांनी भडंगाची पुडी माझ्यापुढं केली.

"कदाचित गेले असते," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही हे बरंच झालं."